बोल्ट कुपवाडचा, हिशेब ब्रुसेल्सचा

सांगली आणि सातारा जिल्ह्यांतील सर्व खासदार आणि आमदार यांस,

सप्रेम नमस्कार.

१ जानेवारी २०२६ पासून युरोपीय संघात लोखंड-पोलादाचा माल उतरवायचा तर तो तयार होताना किती कार्बन हवेत गेला, याचा हिशेब सोबत द्यावा लागतो. त्या हिशेबावर तिथल्या आयातदाराला पैसे भरावे लागणार आहेत. सिमेंट, ॲल्युमिनियम, खतं, हायड्रोजन आणि वीज हेही यादीत आहेत, पण आपल्या भागाचा जीव अडकलाय तो लोखंडात. या यंत्रणेला तिकडे, म्हणजे युरोपीय संघाच्या ब्रुसेल्समधल्या मुख्यालयात, सीबॅम म्हणतात. आमच्या वसाहतीत सगळे 'कार्बन टॅक्स' म्हणतात, मीही तेच म्हणेन.

हे काही रातोरात आलेलं नाही. १ ऑक्टोबर २०२३ पासून सव्वादोन वर्षं नुसते आकडे भरण्याची तालीम चालू होती, पैसे भरायचे नव्हते. त्याच काळात आपल्याकडे लोकसभा झाली, विधानसभा झाली. तुमच्यापैकी बरेच जण औद्योगिक वसाहतींत मतं मागायला आले. रस्ते, गटारं, पथदिवे, पाणीपट्टी, सगळ्यावर बोलणं झालं. या विषयावर एक अक्षर माझ्या तरी कानावर पडलं नाही. म्हणून हे पत्र बंद पाकिटात न घालता चारचौघांसमोर ठेवते आहे.

माझा यात संबंध काय, ते आधी सांगते. कुपवाडच्या औद्योगिक वसाहतीत आमचा नट-बोल्ट आणि स्टडचा छोटा कारखाना आहे. सासऱ्यांनी उभा केला, आता मी आणि माझे मिस्टर चालवतो. यंत्रं आणि कामगार त्यांच्याकडे. बिलं, डिस्पॅच, बँक आणि कागद माझ्याकडे. वायर रॉड आणायचा, ओढून मापात घ्यायचा, हेडरवर डोकं पाडायचं, रोलिंगवर आटे पाडायचे, हीट ट्रीटमेंट आणि प्लेटिंग बाहेरून करून घ्यायचं आणि वजन करून पेट्या भरायच्या. आम्ही स्वतः निर्यात करत नाही. पुण्याचे एक निर्यातदार आमचा आणि आमच्यासारख्या इतरांचा माल गोळा करून आपल्या नावानं पाठवतात. त्यामुळे सरकारी आकडेवारीत आम्ही निर्यातदार नाहीच. बोल्ट मात्र जर्मनीत जाऊन बसतो.

या निर्यातदारांकडून एक दिवस एक्सेलची फाइल आली. पानांमागून पानं, पिवळे रकाने, हिरवे रकाने. पोलाद कोणत्या पद्धतीनं बनलं? टनामागे थेट उत्सर्जन किती? कच्चा माल ज्या कारखान्यातून आला त्याचं उत्सर्जन किती? एका रकान्यात विचारलं होतं, तुमच्या मुख्य उत्सर्जन स्रोताचे अक्षांश-रेखांश द्या. आमच्याकडे धूर सोडणारी एकच वस्तू आहे, लाइट गेल्यावर चालू होणारा डिझेल जनरेटर. तो शेडच्या मागे, बाभळीखाली उभा असतो. मी मोबाइलवरून अक्षांश-रेखांश काढले आणि भरून टाकले. पुढच्या रकान्यांना मात्र हसणं परवडणारं नव्हतं, कारण निर्यातदारांनी फोनवर स्पष्टच सांगितलं: आकडा आला नाही, तर पुढच्या ऑर्डरी ज्याच्याकडे आकडा आहे त्याच्याकडे जातील. ते चुकीचं बोलले असं मी म्हणणार नाही. त्यांच्याही मानेवर कुणीतरी बसलेलंच आहे.

आता घोडं कुठे पेंड खातं ते बघा.

बोल्टच्या कार्बनमध्ये आमच्या कारखान्याचा वाटा नगण्य. जवळजवळ सगळा कार्बन आधीच वायर रॉडमध्ये येऊन बसलेला असतो, म्हणजे जिथे पोलाद वितळलं तिथे. भंगार वितळवून केलेलं पोलाद या हिशेबात हलकं, खनिज आणि कोळशापासून केलेलं जड. तार डोळ्यांना दोन्हीकडे सारखीच दिसते. फरक सांगणारी एकच गोष्ट: कॉइलला तारेनं बांधलेला पत्र्याचा बिल्ला. बोटाएवढा असतो. त्यावर हीट नंबर ठोकलेला असतो. त्या नंबरावरून कोणत्या मिलच्या कोणत्या भट्टीचा हा रस, ते कळतं. मोठे कारखाने मिलकडून थेट गाडी भरून माल घेतात, त्यांच्याकडे बिल्ला येतो आणि मिलचं टेस्ट सर्टिफिकेटही येतं. आम्ही व्यापाऱ्याकडून दोन-तीन टन उचलणारे. गोडाऊनमध्ये बंडल सुटलं, एक कॉइल मला, दुसरी शेजाऱ्याला, की बिल्ला कुणाच्या तरी कचऱ्यात जातो. सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली तर मिळते, पण ती याच कॉइलची आहे का हे देव जाणे. आणि मिळाली तरी त्यावर रासायनिक घटक असतात, ताण सोसण्याची क्षमता असते. हवेत काय सोडलं त्याचा आकडा नसतो.

खरा आकडा नसला, किंवा असूनही मान्यताप्राप्त पडताळणी करणाऱ्याचा शिक्का त्यावर नसला, की युरोप आपला ठोकताळ्याचा आकडा लावतो. तो मुद्दाम चढा ठेवलेला आहे, लोकांनी खरे आकडे आणावेत म्हणून. म्हणजे मी भंगारापासून बनलेली, कमी कार्बनची तार वापरली तरी कागदावर मी घाणेरडीच. पडताळणी करणारा यायचा तर प्रत्यक्ष कारखान्यात यावा लागतो. कारखाना लहान म्हणून त्याची फी लहान होत नाही.

तुमच्यापैकी कुणी म्हणेल, छोट्यांना सूट आहे ना? आहे. युरोपनं ऑक्टोबर २०२५ मध्ये वर्षाला ५० टनांपर्यंतची सूट ठेवली. पण ती मोजतात तिथल्या आयातदाराच्या नावावर. मी वर्षात १० टन पाठवले काय नि ४० टन पाठवले काय, माझा माल ज्या आयातदाराकडे उतरतो तो वर्षाला कंटेनरच्या कंटेनर रिकामे करतो. बोल्टचे अडीच कंटेनर म्हणजे ५० टन झाले. सूट छोट्या आयातदाराला आहे, छोट्या कारखानदाराला नाही. आपल्या बाजूनं वाटाघाटीला बसलेल्या माणसांना हा फरक कुणी सांगितला असेल का, याची मला शंका आहे.

आणखी एक. जकातीच्या यादीत बोल्ट ७३१८ या शीर्षकाखाली येतात, म्हणून आम्ही सापडलो. पलीकडच्या गल्लीतल्या फाउंड्रीचं बिडाचं ओतकाम ७३२५ मध्ये मोडतं, ते सध्या बाहेर आहे. ते गृहस्थ निवांत आहेत. युरोपीय आयोगानं यादी वाढवण्याचा प्रस्ताव डिसेंबर २०२५ मध्ये मांडलाय, आणि इंग्लंडचा वेगळा कार्बन टॅक्स १ जानेवारी २०२७ पासून आहे, हे मी त्यांना दोनदा सांगून पाहिलं. युरोपातल्या कारखान्यांना जी मोफत कार्बन परवान्यांची सवलत आहे, ती २०३४ पर्यंत पायरीपायरीनं संपायची आहे. तिकडे सवलत जितकी उतरेल, तितका इकडच्या मालावरचा भार चढेल. आज चटका बसला नाही म्हणून विस्तव नाही असं नव्हे.

युरोपवरही मला बोलायचंच आहे, नाहीतर तुम्ही म्हणाल बाईंना सगळा दोष आपल्याच लोकांत दिसतो. दीडशे-दोनशे वर्षं कोळसा जाळून ज्यांनी कारखाने उभे केले, त्यांनी आज आमच्या दारात हिशेबाची वही घेऊन उभं राहावं, यात न्याय नाही. १९९२ च्या रिओ परिषदेत सगळ्या जगानं मान्य केलं होतं की हवामानाची जबाबदारी सगळ्यांची, पण सारखी नाही. तिथल्या माणसामागचं उत्सर्जन आजही आपल्या दुपटीहून जास्त आहे. केंद्र सरकारनं या टॅक्सला जाहीर विरोध केला आहे आणि तो योग्यच आहे. पण विरोध दिल्लीत होतो आणि रकाने कुपवाडात भरावे लागतात. विरोध यशस्वी होईपर्यंत आम्ही काय करायचं, हे कुणीच सांगत नाही.

आता विजेकडे येते, कारण तिथे दोष ब्रुसेल्सचा नाही, आपला आहे.

खरं तर लोखंडाच्या मालासाठी युरोप सध्या टॅक्स लावताना विजेचा कार्बन धरत नाही, फक्त थेट उत्सर्जन धरतो. तरी खरेदीदाराच्या फॉर्ममध्ये विजेचा रकाना असतोच. त्यांना आपल्या गिऱ्हाइकांना, बँकांना दाखवायचं असतं की आमचे पुरवठादार स्वच्छ विजेवर चालतात. त्या रकान्यात मी काय भरते? केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचा देशाचा सरासरी आकडा: एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड. हा आकडा चंद्रपूरच्या कोळशाचाही आहे आणि कोयनेच्या पाण्याचाही.

कोयनेचं धरण आपल्या सातारा जिल्ह्यात, वीजप्रकल्प १,९६० मेगावॅटचा. कृष्णा खोऱ्याचं पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला सोडून ती वीज होते. कृष्णा पाणीवाटप लवादानं त्यासाठी ६७.५ टीएमसी पाण्याची मर्यादा घातली आहे. धरणासाठी ज्यांची गावं उठली, त्यांच्या पुनर्वसनाचे मोर्चे अजून निघतात. पाटण तालुक्यात वनकुसवड्याच्या पठारावर, साताऱ्याजवळ चाळकेवाडीला, आमच्या बाजूला ढालगावला आणि जतकडे पवनचक्क्यांच्या रांगाच्या रांगा. नव्वदच्या दशकाच्या शेवटापासून त्या उभ्या राहिल्या, त्या मुख्यतः घसाऱ्याच्या आणि विक्रीकराच्या सवलतीवर. वारा आमचा, घसारा मुंबईचा. मोठ्या कंपन्यांनी टॅक्स वाचवला, काहींनी वीज आपल्या कारखान्याला वळती करून घेतली. सुट्टीला पाहुणे आले की आम्ही त्यांना पवनचक्क्या दाखवायला नेतो. एवढाच आमचा त्या विजेवरचा हक्क.

नियमानं दार उघडं आहे असं सांगतात. केंद्रानं जून २०२२ मध्ये हरित विजेसाठी मुक्त प्रवेशाचे नियम केले, आणि मर्यादा १ मेगावॅटवरून १०० किलोवॅटवर आणली. तेव्हा पेपरात आलं होतं, आता लघुउद्योगांनाही पवन-सौर वीज थेट घेता येणार. आमचा मंजूर भार ६५ एचपी, म्हणजे ५० किलोवॅटच्याही आत. आमच्या गल्लीत बहुतेकांचा असाच. अनेक कनेक्शनं मिळून १०० किलोवॅट धरता येतात, पण ती एकाच ग्राहकाची हवीत. तीन गाळे असलेल्या मालकाला ते जमतं. तीन मालकांना तीन गाळ्यांसाठी जमत नाही. मग ग्रुप कॅप्टिव्ह करा म्हणतात, म्हणजे अनेकांनी मिळून स्वतःसाठी वीजप्रकल्प उभा करायचा. त्यात २६ टक्के भांडवल वापरणाऱ्यांनी घालायचं आणि ५१ टक्के वीज त्यांनीच वापरायची. पुढे वहन आकार, तूट, करारावर सह्या, वकील. चाकणच्या मोठ्या कंपनीत यासाठी स्वतंत्र माणूस असतो. आमच्यात तो माणूस मीच, आणि मला शनिवारी पगारही काढायचे असतात.

हरित दर नावाची एक सोय आहे. २०२१ मध्ये राज्याच्या वीज नियामक आयोगानं तिला मंजुरी दिली. नेहमीच्या बिलावर युनिटमागे जादा पैसे भरायचे आणि आपली वीज हरित आहे असं प्रमाणपत्र घ्यायचं. आधीच शेजारच्या राज्यांच्या तुलनेत महाराष्ट्रातली औद्योगिक वीज महाग, त्यावर हा टिळा.

राहिलं छप्पर. छपरावर सोलर टाका, हा सल्ला मला भाचीपासून बँक मॅनेजरपर्यंत सगळ्यांनी दिलाय. सल्ला चांगलाच आहे. सांगली-मिरजेचं ऊन काही कुणाच्या परवानगीची वाट बघत नाही. पण याच आयोगाच्या २०२५ च्या दरआदेशानं दिवसाचे भाग पाडले: सकाळी ९ ते ५ वीज स्वस्त, संध्याकाळी ५ ते रात्री १२ महाग. दुपारी छपरावर जादा झालेली वीज संध्याकाळच्या महाग तासांत वळती करून घेण्यावर मर्यादा आल्या. त्या आदेशावरून फेरविचार झाला, प्रकरण कोर्टात गेलं, आणि तोवर सोलर बसवणारे आम्हाला म्हणत राहिले, "थांबा जरा, चित्र स्पष्ट होऊ दे." आमची दुसरी पाळी संध्याकाळीच चालते. ज्या वेळी ऊन नाही त्याच वेळी वीज महाग. मोठा कारखाना बॅटरी लावतो किंवा पाळ्या फिरवतो. आमच्याकडे हेडरवर दोनच कुशल माणसं आहेत, त्यातले एक दिवसा दुसरीकडे कामाला जातात.

आणि पॅनेलचा भाव. परदेशी सौर पॅनेलवर केंद्रानं १ एप्रिल २०२२ पासून ४० टक्के सीमाशुल्क लावलं. नेट मीटरिंगसाठी, म्हणजे छपरावरची जादा वीज बिलातून वळती करून घ्यायला, सरकारच्या मान्यताप्राप्त यादीतलंच पॅनेल लागतं, आणि १ जून २०२६ पासून पॅनेलच्या आतला सेलसुद्धा यादीतला हवा. देशी उद्योगाला संरक्षण द्यायला माझी हरकत नाही. चिनी बोल्टवर शुल्क लावा म्हणून आम्हीही अर्ज केलेले आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये सौर उपकरणांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आणला, तेही मान्य. पण एका हातानं पॅनेल महाग करायचं, घरगुती ग्राहकाला सूर्यघर योजनेत ७८,००० रुपयांपर्यंत अनुदान देऊन ती महागाई भरून काढायची, आणि लघुउद्योगाला दोन्ही हातांनी कर्जाची योजना दाखवायची, हे कुठलं गणित? तिकडून युरोप म्हणतो स्वच्छ व्हा, इकडून धोरण म्हणतं तुमच्या मापाचं दार नाही. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी आमची गत.

योजना नाहीत असं मी म्हणत नाही. जुलै २०२५ मध्ये लघुउद्योगांतल्या ऊर्जाबचतीसाठी केंद्रानं १,००० कोटींची 'अदिती' योजना आणली, व्याजात सवलतही आहे. पोलाद मंत्रालयानं डिसेंबर २०२४ मध्ये हरित पोलादाची व्याख्या ठरवली: टनामागे २.२ टनांपेक्षा कमी उत्सर्जन असेल तर तारे मिळणार, तीन, चार किंवा पाच. आपल्याकडच्या पोलादाची सरासरी टनाला सुमारे अडीच टन आहे, त्यामुळे हे पाऊल चांगलंच. पण तो तारा मिलच्या भिंतीवर लागतो. व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधून माझ्या टेम्पोत चढणाऱ्या कॉइलपर्यंत तो येत नाही.

शेतकऱ्यांचा विषय यात ओढला जाईल, म्हणून आधीच बोलते. माझं माहेर तासगाव तालुक्यातलं, भावाची द्राक्षबाग आहे. रात्री बाराला उठून मोटर चालू करायला जाणारे वडील मी पाहिले आहेत. सौर कृषी वाहिनी योजनेतून शेतीला दिवसा वीज मिळणार असेल, तर तिचं स्वागत आहे. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपांना २०२४ पासून मोफत वीज दिली, त्याबद्दलही मी कुरकुर करणार नाही, जरी शेतीच्या सवलतीचा एक भाग आमच्या बिलातून क्रॉस सबसिडी म्हणून जातो. मला फक्त एवढं विचारायचं आहे की गावच्या सबस्टेशनशेजारी सौर प्रकल्प टाकून शेतीच्या फीडरला वीज देता येते, तर औद्योगिक वसाहतीच्या फीडरला का नाही? कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे, सातारा, या वसाहती काही डोंगराच्या टोकावर नाहीत. जतला, कवठेमहांकाळला, माण-खटावला पडीक माळ कमी नाही.

तुम्ही मनावर घेतलं तर काय होतं, हेही आम्ही पाहिलं आहे. ७ डिसेंबर २०२३ ला केंद्रानं उसाच्या रसापासून इथेनॉल करायला बंदी घातली. साखर कारखानदारीत हलकल्लोळ झाला. शिष्टमंडळं दिल्लीला गेली, निवेदनं गेली, आणि १५ डिसेंबरला आदेश बदलला; १७ लाख टन साखरेच्या मर्यादेत परवानगी मिळाली. आठ दिवस लागले. तोही ऊर्जाधोरणाचाच प्रश्न होता. ऊस मोठा आहे, त्याची मतं मोठी आहेत, हे समजण्याइतकं राजकारण मलाही कळतं. पण या दोन जिल्ह्यांत फक्त ऊस नाही. १९१० मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली, कऱ्हाडजवळ ओगलेवाडीत काच कारखाना उभा राहिला. खेड्यातल्या हातांना यंत्रावर काम देणं या मातीला नवीन नाही. त्या हातांची पुढची पिढी आज आमच्या शेडमध्ये उभी आहे, आणि ती पुण्याला जाऊ नये असं तुम्हीच भाषणांत म्हणता.

तेव्हा मागण्या मांडते. कर्जमाफी मागत नाही, अनुदानही नाही.

पोलादाच्या मिलनं प्रत्येक हीटच्या सर्टिफिकेटवर त्या कारखान्याचा टनामागचा उत्सर्जनाचा आकडा छापणं सक्तीचं करा. गुणवत्ता नियंत्रण आदेश काढून पोलादावर आयएसआय सक्तीचं करता आलं, तर हेही करता येईल. व्यापाऱ्यानं बंडल फोडलं तर हीट नंबर बिलावर लिहिलाच पाहिजे, असा नियम हवा. हा प्रश्न संसदेचा आहे, खासदारांनी तो पोलाद मंत्रालयाला लेखी विचारावा. बाकी सगळं बाजूला राहिलं तरी चालेल, हे आधी करा. आमच्यासारख्यांचा निम्मा त्रास त्या बोटाएवढ्या पत्र्यानं मिटतो.

एकाच औद्योगिक वसाहतीतल्या, एकाच फीडरवरच्या वेगवेगळ्या छोट्या ग्राहकांचे भार एकत्र धरून १०० किलोवॅटची अट पूर्ण होऊ द्या. करार, मीटर आणि वाटणी सांभाळायला वसाहतीची संघटना तयार होईल, आमची तरी होईल. आमदारांनी हा विषय विधानसभेत मांडावा आणि वीज नियामक आयोगासमोरच्या जाहीर सुनावणीत स्वतः येऊन बोलावं. आम्ही तिथे जातो तेव्हा वकिलांच्या गर्दीत आमचा आवाज ऐकू जात नाही.

लघुउद्योगानं छपरावर स्वतःच्या वापरापुरती वीज केली, तर ती त्याच दिवशीच्या संध्याकाळच्या पाळीला पूर्ण वळती मिळावी. ५० किलोवॅटच्या आतल्या ग्राहकांपुरतं हे केलं तरी ग्रिड कोसळणार नाही.

सांगलीत वालचंद कॉलेज आहे, कऱ्हाडला सरकारी इंजिनिअरिंग कॉलेज आहे. या दोन ठिकाणी कार्बन मोजणीची आणि पडताळणीच्या तयारीची सामायिक सोय करा, जिल्हा उद्योग केंद्रामार्फत. मुलांना काम मिळेल, आम्हाला मराठीत समजावून सांगणारं कुणीतरी मिळेल. ती एक्सेलची फाइल मराठीत करून द्या, तेवढ्यानंही पुष्कळ फरक पडेल.

ब्रुसेल्सशी आणि लंडनशी बोलणी होतील तेव्हा ५० टनांची सूट आयातदारावर न मोजता बनवणाऱ्यावर मोजा, अशी भूमिका आपल्या सरकारनं घ्यावी. युरोपच्या नियमात आणखी एक गोष्ट आहे: ज्या देशात माल बनला तिथे कार्बनची किंमत आधीच भरलेली असेल, तर ती वजा होते. आपली कार्बन क्रेडिट योजना जून २०२३ मध्ये अधिसूचित झाली आहे. पैसे जाणारच असतील तर ते तिकडच्या तिजोरीत कशाला? इथे जमा व्हावेत आणि मिलच्या भट्ट्या सुधारण्यावर, आमच्या फीडरच्या सौर प्रकल्पावर खर्च व्हावेत. अर्थात इथे जमा झालेले पैसे नेमके कुठे खर्च झाले, हेही आम्ही विचारूच.

शेवटची मागणी साधी आहे. येत्या अधिवेशनापूर्वी कुपवाड, मिरज, पलूस, तासवडे आणि सातारा इथल्या लघुउद्योजकांची एक बैठक लावा. तुम्ही सगळे या, पक्ष बाजूला ठेवून. वीज कंपनीचे अधिकारी बोलवा, उद्योग विभागाचे बोलवा, पोलादाचे एक-दोन व्यापारीही बोलवा, कारण त्यांच्याशिवाय यातलं निम्मं होणार नाही. व्यासपीठ, हार, शाल, श्रीफळ नको. एक टेबल आणि प्रोजेक्टर पुरे. फॉर्म मी घेऊन येते, एक-एक रकाना आपण मिळून भरू. जो भरता येणार नाही त्याच्यापुढे कोणत्या खात्यानं काय करायचं आणि कधीपर्यंत, ते लिहू.

बैठकीची तारीख कळवावी. दुपारी ३ नंतरची ठेवलीत तर बरं, सकाळी डिस्पॅच असतो.

आपली,
कुपवाड औद्योगिक वसाहतीतील एक लघुउद्योजिका